पडल्याची खूण

कोल्हापुरात बोट म्हटलं की लोकांना रंकाळ्यातली पायडलची बोट आठवते. त्यामुळं मी शिडाची बोट घेतल्याचं कळल्यावर उद्यमनगरात आठवडाभर सगळ्यांची फुकट करमणूक झाली. समुद्र कुठं आणि तू कुठं, असं विचारणाऱ्याला मी सांगायचो, गगनबावड्याचा घाट उतर, लागतोय की समुद्र. बोट चोवीस फुटी, जुनी, गोव्याहून आणलेली आणि विजयदुर्गच्या खाडीत नांगरून ठेवलेली. तिच्या तळाचं वजन, ज्याच्या जिवावर ती वाऱ्यात उलटत नाही, ते मात्र नवं आणि आमच्याच फाउंड्रीत ओतलेलं. म्हणजे बोट निम्मी कोल्हापूरचीच.

माझं नाव जिनेंद्र, वय बावन्न. फाउंड्रीत तीस वर्षं काढल्यानं डाव्या कानात चोवीस तास एक बारीक शिट्टी वाजते, म्हणून फोन मी उजव्याच कानाला लावतो. एवढं सोडलं तर माझ्यात दोष नाही असं माझं मत आहे. माझी बायको त्रिशला हिचं मत वेगळं आहे.

बोट खरं तर अण्णांसाठी घेतली. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, पार्श्वनाथ. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांनी लग्न केलं नाही. मला वाढवलं आणि फाउंड्री उभी केली. आता त्यांचा उजवा गुडघा कामातनं गेलाय. घरापासून बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, पाऊण किलोमीटर, तेवढ्यात ते दोनदा बसतात, गुडघा चोळतात आणि उठतात. मी भरभर चालणारा माणूस, पुढं जाऊन त्यांची वाट बघत उभा राहतो. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, एकदा समुद्रातनं कोचीपर्यंत ने. अण्णांना पोहता येत नाही. त्यामुळं बोटीला वाट दाखवणारं ॲप कुठलं घ्यायचं, हा प्रश्न माझ्या दृष्टीनं चैनीचा नव्हता. जानेवारीत निघायचं होतं आणि त्यांचा जीव त्या टॅबलेटवर असणार होता.

माणसानं कशावर विश्वास ठेवावा? मापावर. मी तीन ॲप निवडली आणि एकाच टॅबलेटवर घातली. एक महागडं, परदेशी. त्याचं नाव आम्ही सायेब ठेवलं. दुसरं सारख्या सूचना देणारं, तो मास्तर. तिसरं कुणी हौशी लोकांनी केलेलं, बिनपैशाचं, तो फुकट्या. गारगोटीला सर्वेक्षण शिकवणारा माझा मित्र प्रसेनजीत याला बरोबर घेतलं आणि वहीत तक्ता आखला. उन्हात पडदा दिसतो का. टॅबलेट तापून बंद पडतो का. बॅटरी किती तास पुरते. खोली खरी दाखवतो का. नांगर सुटल्यावर वाजणारा भोंगा माझ्या डाव्या कानाला शिट्टीच्या वर ऐकू येतो का. शेवटचं, ओल्या बोटानं चालतो का.

या प्रत्येक ॲपमध्ये एक लाल बटण असतं. कुणी पाण्यात पडलं तर ते दाबायचं. पडला ती जागा आणि वेळ नोंदली जाते, नकाशावर लाल खूण उमटते आणि परत तिथं जायची दिशा मिळते. आम्ही त्याला पडल्याचं बटण म्हणायचो.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं खाडीतनं बाहेर पडलो. ऊन स्वच्छ होतं, वारा बेताचा. मी तिघांसाठी केशरी तरंगती जाकिटं घेतली होती, ती घातल्याशिवाय कुणाला बोटीवर पाय ठेवू दिला नाही. सायेब उन्हात उत्तम दिसला. मास्तर दोन तासांत तापून बंद पडला. फुकट्या सगळ्यात बरा निघतो की काय, अशी मला शंका यायला लागली होती. पण त्याच्या पडद्यावर पाण्याचा थेंब पडला की तो बोट लागल्यासारखं वागायचा. मी तक्त्यात लिहिलं, ओलं बोट, नापास.

चारच्या सुमारास चिरमुरे-शेंगदाणे खाऊन झाल्यावर अण्णांनी ताटल्या धुवायला बादलीभर पाणी वर काढलं आणि नेहमीच्या पांढऱ्या फडक्यातनं गाळलं. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. आणि गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते टाकत नाहीत. फडकं उलटं धरून, वरनं पाणी ओतून, ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडतात. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. अण्णांनी साठ वर्षं यात खाडा केलेला नाही. नेमका तेव्हाच वारा वाढला, बोट झुकली आणि मला अण्णा सुकाणूवर हवे होते. मी त्यांच्या हातातनं ते ओलं फडकं काढून घेतलं, घडी केली आणि टॅबलेटच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबलं.

अण्णा म्हणाले, "जिनू, हे हितल्या पाण्यातलं हाय. हितंच सोडायला पायजे."

मी हसलो. समुद्र सगळीकडं एकच असतो अण्णा, म्हणालो, खाडीत गेल्यावर धुवू.

प्रसेनजीत पुढं शिडाचा दोर बांधत होता. अण्णा सुकाणूवर बसले. मी आत जाऊन तक्त्यात आकडे भरले, दोन मिनिटं, फार तर तीन. वर आलो तेव्हा फुकट्याच्या पडद्यावर लाल खूण उमटली होती. माणूस पडला, चार वाजून सतरा मिनिटं.

मी मोजलं. प्रसेनजीत पुढं. अण्णा सुकाणूवर, समोर बघत, कपडे कोरडे. मी. तीन माणसं होती, तिन्ही जागेवर होती. अण्णांच्या अंगात जाकीट तेवढं नव्हतं. उकडलं म्हणून काढलं असणार. पडद्यावर खारट पाण्याचा मोठा थेंब होता. मी जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश, वहीत उतरवून घेतले. प्रसेनजीत खूण पुसायला निघाला होता, मी म्हटलं राहू दे, नापास केल्याचा पुरावा आहे.

घरी आल्यावर जाकिटं मोजली तर दोनच. एक बोटीवर राहिलं असणार म्हणून मी विषय सोडला.

त्या आठवड्यात आमच्या घरात आनंदीआनंद होता, कारण अण्णांचा गुडघा बरा झाला. सोमवारी सकाळी ते जिना चढून गच्चीवर गेले, कठड्याला हात न लावता. बस्तीपर्यंत न बसता गेले. त्रिशलानं देवाला श्रीफळ ठेवलं. मी म्हटलं, समुद्राची हवा. त्यांचं बाकी सगळं नेहमीसारखं होतं. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून. पाणी गाळायला त्यांनी कपाटातनं नवं फडकं काढलं. जुनं कुठं गेलं ते विचारलं नाही. बोलणं मात्र कमी झालं होतं, आणि संध्याकाळी ते गच्चीवर पश्चिमेकडं तोंड करून उभे राहायचे.

सहाव्या दिवशी मी निकाल लावायला बसलो. सायेब पास. मास्तर नापास. फुकट्या काढून टाकण्याआधी शेवटचा उघडला, तर लाल खूण समुद्रात नव्हती.

फुकट्याकडं फक्त समुद्राचा नकाशा आहे. त्याच्या लेखी जमीन म्हणजे कोरा पिवळा रंग. रस्ते नाहीत, गावं नाहीत. त्या पिवळ्यात, किनाऱ्यापासून बरीच आत, ती खूण होती. मी प्रसेनजीतला फोन लावला. त्याच्याकडं उत्तर तयार होतं. पडलेला माणूस एका जागी थांबत नाही, प्रवाहाबरोबर वाहतो, म्हणून काही ॲप खूणही त्या हिशेबानं सरकवतात. किनारा आला की थांबायचं हे याला लिहिणारा विसरला, एवढंच. उत्तर पटण्यासारखं होतं आणि मला पटलं.

मग मी त्या जागेचे आकडे साध्या रस्त्याच्या नकाशात टाकले. खूण तळेरे गावाच्या अलीकडं होती, बरोबर रस्त्यावर. तासाभरानं परत टाकले. रस्ता जिथं वळत होता तिथं खूण वळली होती.

पुढचे दिवस मी फाउंड्रीत कमी आणि टॅबलेटपुढं जास्त होतो. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. खूण दिवसाला बारा-तेरा किलोमीटर सरकत होती, कोल्हापूरच्या दिशेनं. वैभववाडी गेली. करूळ घाट तेव्हा कामासाठी वाहनांना बंद होता, सगळी वाहतूक भुईबावड्याकडनं वळवलेली. खूण करूळ घाटच चढली, दोन दिवस लावून. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी ती थांबायची आणि सकाळपर्यंत हलायची नाही. दिवसा चालताना दर तीनशे-चारशे मीटरवर सहा-सात मिनिटं थांबायची.

दर तीनशे-चारशे मीटरवर. हा आकडा वहीत लिहिला आणि माझा हात थांबला. आमच्या घरापासून बस्तीच्या वाटेवर अण्णा पहिल्यांदा बसतात तो कट्टा साडेतीनशे मीटरवर आहे.

वर गच्चीत अण्णांची पावलं वाजत होती. सरळ, एकसारखी.

अकराव्या दिवशी खूण कळे गावाच्या जवळ आली आणि मी गाडी काढली. टॅबलेट शेजारच्या सीटवर ठेवला. खूण रस्ता सोडून उसातल्या पायवाटेला लागली होती, तिथं गाडी जात नव्हती. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या आक्काताई भांडी विसळत होत्या. मी विचारलं, वयस्कर माणूस, गुडघा दुखणारा.

"आत्ता गेलं की, पावणं," त्या म्हणाल्या. "केशरी जाकीट घाटलेलं. च्या नको म्हनले. पानी द्या, पन गाळून द्या म्हनले. मी पदरानं गाळून दिलं, तर त्यो पदर परत हंड्यात खळबळायला लावला मला. म्हनले, ज्या पान्यातलं त्या पान्यात."

मी गाडीच्या दारावर हात टेकून उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. माझा भाऊ दुखऱ्या गुडघ्यानं समुद्रापासून चालत येत होता, आणि मी अकरा दिवस तक्ता भरत बसलो होतो. उसात शिरून हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. अंधार पडायला लागला तसा आक्काताईंना माझा नंबर दिला, परत दिसले तर फोन करा म्हणालो, आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॅबलेटच्या पिशवीचा बाहेरचा कप्पा उघडला. फडकं तिथंच होतं. बारा दिवस झाले होते आणि ते ओलं होतं.

अण्णा दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही.

"तू आनलास, जिनू," ते म्हणाले. "तूच न्हेऊन सोड. त्ये घरात यायच्या आदी निघू या."

आवाज अण्णांचाच होता. रागाचा नव्हता. लहानपणी मी कुणाचा भोवरा उचलून आणला की ते मला याच आवाजात परत द्यायला पाठवायचे.

पाच वाजता आम्ही निघालो. त्रिशलाला सांगितलं, बोटीवर जाऊन येतो.

फुलेवाडीच्या नाक्याला, मैलाच्या दगडावर, केशरी जाकीट घातलेला एक माणूस वाकून गुडघा चोळत बसला होता. ऊन तोंडावर होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नको," शेजारचे अण्णा म्हणाले. त्यांनी मान फिरवली होती.

मी थांबलो नाही.

कळ्याच्या पुढं त्रिशलाचा फोन आला. मी उजव्या कानाला लावला. ती म्हणत होती, "अवो, अण्णांना वाटंतच सोडलासा व्हय? चालत आलेत. गुडघा ह्यो एवढा सुजलाय. सूर्य बुडायच्या आत दोन घास खातो म्हणालेत, ताट वाढलंय."

वाढ, म्हणालो. पोटभर वाढ.

शेजारच्या माणसानं मांडीवर फडकं धरलं होतं. आम्ही भुईबावड्याकडनं घाट उतरलो.

रात्र लॉजवर काढली. सकाळी बोट बाहेर काढली. जागेचे आकडे वहीत होते, सायेबानं तीन मीटरपर्यंत अचूक नेऊन पोचवलं. फुकट्याही चालू होता. वारा पडला होता, पाणी सपाट होतं.

त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं.

मी कठड्यावरनं वाकलो. फडकं उलटं धरलं, अण्णांनी शिकवलं होतं तसं. पाणी मनगटाला गार लागलं. मग कोपराला.

सरळ झालो तेव्हा बोटीवर मी एकटा होतो. हातात फडकं नव्हतं. कपडे कोरडे होते.

फुकट्याच्या पडद्यावर एक लाल खूण होती. दहा वाजून चाळीस मिनिटं. पाण्याचा थेंब पडला असणार.

संध्याकाळी घरी पोचलो. अण्णा सोप्यावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला हळदीचा लेप. मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळानं काढून घेतला.

"जिनू," त्यांनी विचारलं, "तुझं जाकीट कुठाय?"

खुंटीवर दोन होती, प्रसेनजीतचं आणि त्यांचं. बोटीवर राहिलं असणार, मी म्हणालो. ते माझ्याकडं बघत राहिले. तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

तर निकाल असा. लांबच्या प्रवासाला सायेब घ्यावा. महाग आहे, पण उन्हात दिसतो, बॅटरी पुरते आणि नको त्या खुणा करत नाही. भोंगाही चांगला आहे. परवा घरात वाजवून बघितला तर डाव्या कानाला इतका मोठा लागला की मी दचकलो. त्रिशला म्हणते, टीव्हीचा आवाज आता तुम्ही वाढवत नाही. मी तिला सांगितलं, समुद्राची हवा.

फुकट्या काढून टाकला. काढण्याआधी बघितलं होतं, खूण तळेरं ओलांडून गेली होती. मधे कुठं थांबत नव्हती. काढताना त्यानं विचारलं, सगळ्या नोंदी पुसल्या जातील, खात्री आहे का. मी आधीपासून खात्रीचा माणूस आहे. दाबलं. ते दुसरे झाले तरी अण्णाच होते, म्हणून आपणहून परत गेले. माझा स्वभाव तसा नाही. मला हे घर आवडतं.

आज दुपारी कळ्याहून आक्काताईंचा फोन आला.

"पावणं, त्या जाकीटवाल्याची चौकशी करत हुतासा न्हवं? आज आनी एक आलाय, तसंच जाकीट घालून. मला वाटलं तुमीच. पन चालत आलाय. डाव्या कानात बोट घालून बसलाय आनी घरला किती लांब हाय म्हनून इचारतोय. काय सांगू?"

काही सांगू नका, म्हणालो, आणि फोन खाली ठेवला. तो मी डाव्या कानाला लावला होता. एक शब्द चुकला नाही.